खोड सांगून विकणारे चेअरमन

आपल्याच मालाची बदनामी केल्याशिवाय ज्याला तो विकता येत नाही, असा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्या हाताखाली नोकरी केली, आणि त्या नोकरीत माझे जे काही केस पांढरे झाले ते वयानं झाले असं कुणी म्हणालं तर मी भांडेन.

परभणी जिल्ह्यातल्या बोरीपासून आत आमचं गाव. तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आणि गावाबाहेर एक डाळ मिल उभी केली. तूर आमची, मशीन आमचं, मग डाळ दुसऱ्यानं कामून करायची, असा साधा विचार. मिल झाली, फीत कापली, फोटो निघाले. आता चेअरमन कुणाला करायचं? भावकीतल्या दोन्ही बाजू एकमेकांचं नाव पुसत राहिल्या आणि शेवटी पाटी ज्यांच्यावर येऊन थांबली ते आमचे हे गृहस्थ. सगळं गाव त्यांना ‘चेरमन’ म्हणायचं. मी एकटाच ‘काका’.

उंच, वाळल्या तुऱ्हाटीसारखे. डोक्याला पटका, पायात करकरणाऱ्या वहाणा. जन्म गेला बैलबाजारात. ते हेडी होते, म्हणजे बैलांच्या सौद्यातले दलाल. ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले, काकांचा धंदा गेला. पण नजर गेली नाही. कुणीही नवा माणूस भेटला की ते त्याला पायाकडून वर बघत यायचे. तोंड सगळ्यात शेवटी.

मी पुण्याची नोकरी सोडून मॅनेजरच्या जागेसाठी त्यांच्यासमोर बसलो, तेव्हा कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन तयारीत होतो. काका म्हणाले, “पिशवी ठेव तिथं. जरा चालून दाखव.”

मी चाललो. काय करणार? मिलच्या दारापासून पोत्यांच्या थप्पीपर्यंत गेलो आणि परत आलो.

“उजव्या पायावर अंग चोरतोस.”

“गुडघा दुखावला होता, काका. मोटारसायकलवरून पडलो.”

“मग पोतं उचलाया सांगायचं न्हाई तुला. खोड कळाली. आता आमची सांगतो. पगार कधी पुढं-मागं होईल. डायरेक्टर लोक भांडतेत. लाइट जाती ती कधी येईल सांगता येत न्हाई. आनि मला लिहिता येतं, पन मी काय लिहिलं ते मलाच नंतर वाचता येत न्हाई. हाय का मंजूर?”

ही त्यांची जुनी रीत. बाजारात बैल विकताना ते आधी त्याची खोड सांगत. हा बसका आहे, जुंपला की मध्येच बसतो. हा मारका आहे, बायामाणसांना जवळ जाऊ देऊ नका. मग घेणाऱ्याला म्हणत, आता तुमची खोड सांगा. रान कसलं, चाऱ्याचं काय, औतावर कोण असतं, हात उचलतो का? दोन्हीकडच्या खोडी कळल्याशिवाय सौदा होऊ द्यायचे नाहीत. त्यांचं एक वाक्य आम्हाला रोज ऐकावं लागे: “खोड सांगून इकलेला बैल परत येत न्हाई.”

बैलाचं ठीक आहे हो. पण ह्या माणसानं सख्ख्या पुतण्याच्या सोयरिकीत, पाहुणे पोह्यांवर हात मारत असताना सांगितलं, “पोरगं गुणाचं हाय, पन सकाळी धा वाजेपतोर त्याच्याशी बोलू नका, अंगावर येतंय.” वहिनीनं आतून परात आपटली. मुलीचा बाप घास तोंडात तसाच धरून बसला. मग काकांनी विचारलं, “आता पोरीची सांगा.” आणि आतल्या दाराआडून पोरगीच म्हणाली, “मी तर बारा वाजेपर्यंत बोलत नाही.” लग्न झालं. अजून टिकलंय. त्या एका यशानं काका पार बिघडले.

एकदा परभणीला ‘जिल्ह्याच्या विकासाच्या संधी’ असं काहीतरी चर्चासत्र होतं. मोठा हॉल, पडद्यावर रंगीत चित्रं. एकेक वक्ता येई आणि संधी मोजून जाई. कापूस, तूर, सोयाबीन, रेल्वे, कृषी विद्यापीठ, तरुण मनुष्यबळ. टाळ्या. काका माझ्या शेजारी चुळबुळ करत होते. शेवटी कुणी प्रश्न आहेत का, असं सूत्रसंचालकानं विचारलं. असं विचारायचं नसतं हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. काका उठले.

“साहेब, बैल लय देखना दाखिवला तुमी. पन त्याच्या खोडी कोन सांगनार? तरुन मनुष्यबळ म्हनता, ते सगळं पुन्याला हाय. हितं आमी हाव.”

हॉल हसला. मी खुर्चीत शक्य तितका खाली सरकलो. जेवणाच्या रांगेत दोन-तीन जण येऊन त्यांच्या पाया पडले, तर आयोजकानं आमच्याकडे शेवटपर्यंत पाहिलं नाही.

इथवर सगळी गंमत. आता जी गोष्ट सांगणार आहे, ती घडत असताना मात्र मला हसू आलं नव्हतं.

मिल नीट चालेना. तुरीच्या हंगामात दोन-तीन महिने घरघर, बाकी वर्षभर कुलूप. डायरेक्टर कंटाळले. आणि त्यांनी ठरवलं की ह्या उन्हाळ्याआत मोठं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर मिल एका व्यापाऱ्याला भाड्यानं देऊन मोकळं व्हायचं. व्यापारी आपली माणसं आणणार हे उघड होतं. म्हणजे मिलमधल्या बाया घरी.

त्या बायांची म्होरकी कमलबाई. डाळ हातात घेऊन न बघता सांगायची की पॉलिश जास्त झालंय. रोज सकाळी मिलच्या पायरीवर “जय भीम, चेरमन!” असा खणखणीत आवाज द्यायची आणि काका तितक्याच जोरात “जय भीम, कमलबाई!” म्हणत. मग दोघांची दिवसभराची भांडणं सुरू व्हायची. तिचा एकुलता एक पोरगा चाकणला कारखान्यात होता, सहा जणांत एक खोली. त्याला मशीनचं काम येत होतं. कमलबाईचा हिशेब सरळ होता: मिल बारा महिने चालली तर पोरगा मशीनवर. नाही चालली तर पोरगा तिकडं आणि ती इकडं, आणि मधे फोन.

आणि गिऱ्हाईक मिळालं! पुण्याची मोठी कंपनी, डाळ पाकिटात भरून विकणारी. त्यांच्या खरेदी अधिकारी बाई मिल बघायला येणार आणि पसंत पडलं तर तिथंच सही करणार. अट एकच: दर आठवड्याला गाडी गेली पाहिजे, बारा महिने. लागोपाठ दोन गाड्या चुकल्या की करार रद्द.

इथं आमच्या बैलाची खोड निघाली.

गावातून डांबरी रस्त्याला जायचं तर मधे ओढा आहे. त्यावर नळकांडी पूल, म्हणजे सिमेंटचे पाइप टाकून वर केलेला बुटका रस्ता. पावसाळ्यात एकदा ओढ्याला पाणी चढलं की पूल गडप. उतरता उतरत नाही. मोठी गाडी तर नंतरही चिखलात जात नाही. नवा पूल मंजूर आहे. आमच्या लहानपणापासून मंजूर आहे. मोजमाप करणारी माणसं येतात, चुन्याच्या खुणा करतात, आणि त्या खुणा पुढच्या पाण्यात वाहून जातात.

मीटिंगमध्ये ठरलं: पुलाचा विषय कुणी काढायचा नाही. मार्च महिना आहे, ओढा खडखडीत कोरडा आहे, बाईंना कळणार नाही. पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांच्या माना एकदम काकांकडे वळल्या.

“माझ्याकडं कामून बघायलाव?” काका म्हणाले.

“काका, शपथ घ्या,” मी म्हणालो.

“शपथ कशाला? बोलनार न्हाई म्हनलं ना.”

कमलबाईला त्यांची खात्री नव्हती. तिनं तोड काढली. काकांच्या तोंडात तंबाखूचा बार असला की ते बोलत नसत. शिंतोडे उडतात, लोकांची कापडं खराब होतात, हा त्यांचा सभ्यपणा. बाई येणार त्या दिवशी सकाळी कमलबाईनं स्वतः तंबाखू मळली, चुना बोटानं चाचपून लावला, आणि असा काही बार त्यांच्या हातावर ठेवला की एका म्हशीला पुरला असता.

“घ्या चेरमन. थुकाया उठलाव तर माझ्याशी गाठ हाय.”

काकांनी तो गालात सारला आणि पोत्यांच्या थप्पीवर जाऊन देवासारखे बसले.

बाई आल्या. तिशीच्या असतील. पांढरी गाडी, सोबत ड्रायव्हर. बाई कामाच्या होत्या. त्यांनी हार नाकारला, नारळ ठेवून घेतला आणि सरळ मशीनकडे गेल्या. डाळ मुठीत घेतली, फुंकली, एक दाणा दातानं फोडला. “छान आहे,” म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. दर ठरले. कागद टेबलावर आले. मी पेन उघडून त्यांच्यापुढे धरलं.

बाईंनी पेन घेतलं आणि सहज विचारलं, “पावसाळ्यात काही अडचण नाही ना?”

एक डायरेक्टर चप्पल शोधू लागले. दुसऱ्यांना खोकला आला. मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चलाख हसू चेहऱ्यावर आणलं आणि म्हणालो, “मॅडम, आमच्याकडे पावसाळ्यात पाऊसच कुठं पडतो!”

सगळे हसले. बाईही हसल्या. थप्पीवर मात्र कुणी हसलं नाही. काका उतरले. करकर वहाणा वाजवत बाहेर गेले. कमलबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बाहेरून पिचकारीचा लांबलचक आवाज आला, मग चूळ भरल्याचा. चूळ भरली म्हणजे संपलंच! मी म्हणालो, “मॅडम, इथं सही...” आणि काका दारात उभे राहिले, पटक्याच्या शेवानं तोंड पुसत.

“बाई, तुमच्या गाडीत एका मानसाला जागा हाय का? कायतरी दाखवायचंय.”

ते पुढं गाडीत, आम्ही मागून मोटारसायकलवर, माझ्या मागं कमलबाई, आणि ती माझ्या पाठीत बोटं रुतवून म्हणत होती, “पळव, पळव की! आडवी घाल गाडी!” कशाला आडवी घालतोय. पोचलो तेव्हा काका ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरलेले होते आणि वर बाभळीकडे बोट दाखवत होते. बाभळीच्या फांद्यांत वाळलं गवत अडकलेलं, आणि त्यांच्या पटक्याच्याही वर खताची एक फाटकी गोणी लटकत होती.

“बाई, ती गोनी दिसती का? ती कुनी वाळत घातलेली न्हाई.”

बाईंनी गोणीकडे पाहिलं. मग पुलाकडे. मग माझ्याकडे. तिन्हींत मी सगळ्यात जास्त वेळ दिसलो.

“पानी तिथवर येतं,” काका म्हणाले. “आलं की गाव तिकडं आनि डांबरी हिकडं. गाडी जात न्हाई. एक आठवडा, कधी दोन. मॅनेजर म्हनला ते खोटं न्हाई, पाऊस लय पडत न्हाई. पन जेवढा पडतो तेवढा सगळा हितून जातो.”

कमलबाई पात्राच्या काठावर मटकन बसली. ओरडली नाही. हलकेच म्हणाली, “चेरमन, माझं पोरगं बुडिवलं तुमी. ह्या कोरड्या वड्यात.”

काकांनी ते ऐकलं. त्यांची मान जराशी खाली गेली. पण ते बाईंकडेच वळले.

“आता तुमची सांगा.”

“माझी काय?”

“खोड. आमी आमची सांगितली. आता गिऱ्हाइकानं आपली सांगायची असती. बैल कुन्या दावनीला चालला ते कळाया नको का?”

बाई आधी हसल्या. काका हसले नाहीत, म्हणून त्यांचंही हसू थांबलं. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्यानं आरशाची काच पुसायला घेतली. मग त्या म्हणाल्या, “आमच्याकडून गाड्या परत जातात.”

“कामून?”

“तपासणी पुण्यात होते, गोदामाच्या दारात. रंगात जरा फरक वाटला तरी पूर्ण गाडी परत. येण्याजाण्याचं भाडं पाठवणाऱ्यावर. करारात बारीक अक्षरात आहे. तुमच्यासारख्याच एका कंपनीच्या लागोपाठ गाड्या परत गेल्या आणि...” त्या थांबल्या. “हे मी सांगायला नको होतं.”

तो करार मी दोनदा वाचला होता.

काकांचा चेहरा मात्र असा उजळला की जणू बाजारातली सर्वांत नामी जोडी समोर उभी आहे. “अरे बाप्पा! मग तुमचा बैल तर आमच्यापेक्षा खोडील हाय! बरं झालं. कळालेल्या खोडीला दावं लावता येतं. असं करा बाई. पावसाळ्यात गाडी मागू नका. आनि तपासनारा मानूस हितं पाठवा, गाडी भरायच्या आधी. त्यानं हो म्हनलं की माल तुमचा. मग परत यायचं नाव न्हाई.”

“हे माझ्या हातात नाही.”

“मग ज्याच्या हातात हाय त्याला इचारा.”

बाई गेल्या. कागद टेबलावर बिनसहीचे राहिले, त्यावर माझं उघडं पेन.

पुढचे दिवस वाईट गेले. फोन येत नव्हता. व्यापाऱ्याचा माणूस येऊन मिलची दारं-खिडक्या मोजून गेला. डायरेक्टर उघड बोलू लागले की चेरमननं राजीनामा द्यावा. हॉटेलात काका बसले की शेजारचं बाकडं रिकामं व्हायचं. एक जण तर म्हणाला, “ह्यांना यमानं न्यायला यावं तर ह्यांनी त्यालाबी सांगावं, रेड्याच्या पाठीवर मी नीट बसत न्हाई म्हून.” काका रोज मिलच्या पायरीवर येऊन बसत. कमलबाई शेजारून जाई. जय भीम नाही, भांडण नाही, काही नाही. एकदा मी पाहिलं, तंबाखू मळताना त्यांच्या हातातून सगळी सांडली. ते तसेच रिकाम्या तळव्यावर अंगठा घासत राहिले.

“मॅनेजर, चुकलं का रे माझं?”

मी रागात होतो. म्हणालो, “हो.”

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. त्या माणसानं वाद घातला नाही, ह्यानंच मला खरी भीती वाटली.

बाईंचा फोन आला तो भर दुपारी, मिलच्या व्यवहाराला व्यापारी येऊन बसलेला असताना. मी स्पीकर लावला. त्यांच्या साहेबांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या होत्या. तपासणारा माणूस मिलवर येणार. पावसाचे चार महिने गाडी नाही. माल त्या मानानं कमी. तेवढ्यावर कबूल असेल तर कळवा.

डायरेक्टरांनी हिशेब केला, भांडले, परत हिशेब केला, आणि मिल भाड्यानं द्यायची नाही असं ठरलं. व्यापारी चहा अर्धा टाकून उठला. लगेच सगळे काकांचे पूर्वीपासूनचे चाहते निघाले. कुणी गुलाल आणायला धावलं. काकांनी तो लावून घेतला नाही. ते उठले आणि चाळणीजवळ बायांत गेले. मी मागोमाग.

“कमलबाई, काम मिळालं.”

“ऐकलं.”

“पन पुरतं न्हाई. पावसाचे चार महिने मिल बंद. पगार न्हाई. पोराला बोलवायचं तर हे सांगून बोलवा. नंतर मला शिव्या देऊ नका.”

“देनार,” कमलबाई म्हणाली. हात पदराला पुसले, फोन काढला आणि लावला. तिला कमी ऐकू येई, त्यामुळे तिचे सगळे फोन गावाला ऐकू जात. पलीकडून कारखान्याचा धडधडाट आला, मग पोराचा आवाज: “बोल आई. ड्युटीवर हाय.”

“ऐक. मिलला काम लागलंय. मशीनवर मानूस पायजे. पन आठच महिने. पावसाळ्यात बंद, मग रानात मजुरी करावी लागंल. तिकडच्याइतका पैसा न्हाई. लाइट जाती. चेरमन डोक्यानं आर्धा हाय.” तिनं दम घेतला. “ये म्हनत न्हाई. येऊ नको म्हनत न्हाई. काय हाय ते सांगितलं.”

पलीकडे नुसता धडधडाट. बायांची सुपं थांबली. काकांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. ते देवाचं नाव घेत होते की तंबाखूची आठवण काढत होते, मला सांगता येणार नाही. धडधडाट इतका वेळ चालला की मला वाटलं फोन तसाच खिशात टाकून पोरगा कामाला लागला.

मग आवाज आला.

“आई, मिलची मोटार किती हॉर्सपावरची हाय?”

कमलबाईला काही कळलं नाही. तिनं काकांकडे पाहिलं. काकांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला दंडाला धरून फोनपुढे ढकललं आणि ओरडले, “सांग की, लेका! पोरगं इचारतंय!”